भिंतीलगतची ओळ

१४ मे

ओदेतताई,

आज पाऊस नव्हता. सकाळी बाझिलने खालच्या द्राक्षमळ्यात फवारणी केली. मी कपडे धुतले, आणि दुपारी दगडवाल्याकडे जाऊन रेजिसच्या कबरीवरचा दगड पसंत करून आले. करडा घेतला. संध्याकाळी सूप केलं. एकटीपुरतं सूप करायचं माप मला अजून जमत नाही. केलेलं दोन-तीन दिवस पुरतं.

पत्र लिहायला बसले त्याला कारण आहे. आपण दोघींनी नाताळच्या कार्डापलीकडे एकमेकींना कधी काही लिहिलेलं नाही. फेब्रुवारीत रेजिस, तुमचा भाऊ, गेला तेव्हाही तुमचं पत्र लहान होतं आणि माझं उत्तर त्याहून लहान. पण थिबो कॅनडात आला तो आधी तुमच्याच घरी राहिला आणि अजूनही रविवारी तुमच्याकडे जेवायला येतो. माझ्या मुलाच्या मनात काय आहे ते त्याच्या आत्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण ते खरं आहे.

काल सूनबाईचा, मोदचा, ई-मेल आला. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते तिघं इकडे येणार आहेत. वर शीर्षक दिलंय, 'लुआर नदीकाठचे किल्ले आणि वाइन, आमची कौटुंबिक सहल'. खाली तक्ता आहे. शाँबोर, शनाँसो, व्हिलाँद्री, आझे. रोज दोन किल्ले. राहायला त्यांनी आंब्वाजमध्ये खोल्या घेतल्या आहेत. आंब्वाज माझ्या दारापासून किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे. लहानपणी तुम्ही तिथे सायकलवरून शाळेत जात होता.

तक्त्यात बुधवारी दुपारच्या घरात लिहिलंय, 'थिबोच्या आईकडे वाइनची चव'. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे.

ताई, ते प्रश्नचिन्ह मोदने टाकलं की थिबोने, एवढंच मला विचारायचं आहे. सहा वर्षांपूर्वी आला होता तेव्हा तो दाराशी गाडी थांबवून गाडीतच बसून राहिला होता. रेजिस स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा आणि तो गाडीत. मी दोघांच्या मधे अंगणात पिशवी घेऊन उभी होते. कशावरून, तर द्राक्षं तोडायच्या यंत्रावरून. थिबो म्हणत होता यंत्र घेऊ, रेजिस म्हणत होता यंत्राला नासका मणी आणि चांगला मणी सारखाच. एवढ्यावरून बापलेक बोलायचे थांबले, असं परक्याला सांगितलं तर खोटं वाटेल.

यंदा तो आत येणार आहे की नाही, हे मला आधी कळायला हवं.

मार्सेलीन

९ जून

ओदेतताई,

तुमचं पत्र मिळालं. सरळ लिहिलंत त्याबद्दल आभारी आहे. प्रश्नचिन्ह थिबोचंच आहे तर. मला वाटलंच होतं, तरी मोदचं असेल अशी थोडी आशा होती. सुनेवर रागावणं सोपं असतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फेब्रुवारीत तो आला नाही याबद्दल गावात कोणी काही बोललेलं नाही. बर्फामुळे विमानतळ बंद होता असं तुम्ही कळवलं होतं, मी सगळ्यांना तेच सांगितलं. बाझिलच्या मुलाने चर्चच्या पायऱ्यांवर मोबाइल काढून पाहिलं होतं, त्यात विमानं सुटत होती. मी त्याला मोबाइल खिशात ठेवायला सांगितलं. तो विषय तिथेच संपला.

मोदचा फोन आला होता. पहिल्याच वाक्याला ती मला 'अगं' म्हणाली. 'अगं मार्सेलीन, तुला गुडघ्यांचा त्रास आहे ना, मग तू शाँबोरला येऊ नकोस, तिथे जिने फार आहेत.' तुमच्याकडे सगळेच असं बोलतात असं थिबो एकदा म्हणाला होता. माझी सासू, तुमची आई, तिला मी मरेपर्यंत 'अहो' म्हटलं. मी मोदला 'तुम्ही' म्हणत राहिले आणि ती हसत राहिली. मुलगी चांगली वाटते. भराभर बोलते. मला उत्तर सुचेपर्यंत ती पुढच्या किल्ल्यावर पोचलेली असते.

मी तिला म्हटलं की आम्ही इथले लोक किल्ले बघत नाही. तिला ते पटेना. मग मी आठवून पाहिलं. शाळेच्या सहलीत शनाँसो पाहिलं होतं, त्यानंतर नाही. रेजिस तर म्हणायचा, राजे गेले आणि छपरं गळायला ठेवून गेले, त्यात बघायचं काय. तिकिटांच्या पैशांत वाइनचं पिंप दुरुस्त होतं.

माझी नात फ्लावी काय खाते ते लिहा. सात वर्षांच्या मुलीला डुकराच्या मांसाची पेस्ट पावावर लावून दिली तर चालते का? थिबो त्या वयात तेवढंच खायचा.

मार्सेलीन

२१ जुलै

ओदेतताई,

खूप ऊन आहे. खिडक्यांच्या झडपा दिवसभर बंद ठेवते. द्राक्षं चांगली धरली आहेत.

गुरुवारी मी एकटीच व्हिलाँद्रीला जाऊन आले. कोणाला सांगितलं नव्हतं, पण बसमध्ये बाझिलची बायको भेटली, त्यामुळे आता सगळ्यांना माहीत आहे. मला फक्त पाहायचं होतं की बाकडी कुठे आहेत, शौचालय कुठे आहे, लहान मुलीला पाणी कुठे मिळेल. मोदच्या तक्त्यात हे नसतं. मी त्यांच्याबरोबर गेले तर माझ्यामुळे त्यांना थांबावं लागू नये.

किल्ल्यापुढे भाजीची बाग आहे. कोबी, बीट, पालक, सगळं नक्षीसारखं लावलेलं. लोक तिकीट काढून कोबी बघत होते. मी एका बाकावर बसून सफरचंद खाल्लं आणि परतले.

संध्याकाळी बाझिल कुंपणापाशी आला. "वहिनी, राणीसाहेबांची खोली पसंत पडली का? पडदे धुवायला कधी जाणार?" मी त्याला म्हटलं तुझ्या बायकोच्या कोबीपेक्षा तिथला कोबी बरा आहे. हे त्याने घरी सांगितलं असणार, कारण तिने दोन दिवस अंडी पाठवली नाहीत.

थिबोच्या खोलीतली गादी उन्हात घातली. ते आंब्वाजलाच राहणार आहेत, मला माहीत आहे. गादीला ऊन द्यायला हवं होतं म्हणून घातली.

तुम्ही लिहिलंत की तो माझ्याबद्दल विचारत नाही पण मळ्याबद्दल विचारतो. मला याचं वाईट वाटलं पाहिजे की बरं, ते ठरवता आलेलं नाही.

मार्सेलीन

२ सप्टेंबर

ओदेतताई,

तारखा बदलल्या. मोदच्या ऑफिसात कोणी आजारी पडलं, आता ते ४ ऑक्टोबरला येणार. तुम्हाला कळलंच असेल. मला काल कळलं.

बाझिल म्हणतो, यंदा द्राक्षं लवकर येताहेत, सप्टेंबर संपायच्या आत तोडणी आटपेल. म्हणजे ते येतील तेव्हा मळा रिकामा असेल.

आता मी जे केलं आहे ते तुम्हाला सांगते, कारण या घरात वाढलेलं, ज्याला हे सांगता येईल असं माणूस तुम्हीच उरलात, मी तर बाहेरून आलेली. भिंतीलगतची ओळ मी बाझिलला तोडू नको म्हणून सांगितलं आहे. तुमच्या वडिलांनी लावलेली ती ओळ नेहमी सगळ्यांत शेवटी तोडतात, आणि तिच्यातला शेवटचा वेल घरचंच माणूस तोडतं. मजूर हात थांबवून उभे राहतात, मग ट्रॅक्टरचा भोंगा वाजतो, मग जेवण. तुम्ही लहान असताना तो वेल तोडताना बोट कापून घेतलंत आणि रडला नाहीत, हे रेजिस दर वर्षी सांगायचा. गेल्या वर्षी औषधांनी त्याचे हात थरथरत होते, तरी त्यानेच तोडला. कात्री मी धरू का म्हटलं तर म्हणाला, तू इथली नाहीस. त्याने ते चिडून म्हटलं नव्हतं. तसंच आहे ते.

यंदा घरचं म्हणावं असं कोण आहे? बाझिल तुमचा चुलत भाऊ, या घरचा नव्हे. "वहिनी, तुम्हीच तोडा, मेलेल्यांना काय कळतंय," असं तो म्हणाला. मी नाही म्हटलं. मग तो माझ्याकडे बघत राहिला आणि त्याला कळलं. टोपी मागे सारून निघून गेला.

थिबोला हे कळवू नका. कळवलंत तर तो कर्तव्य म्हणून येईल, नाहीतर मुद्दाम येणार नाही. तो बुधवारी आला, ओळ उभी दिसली आणि त्याने आपणहून कात्री मागितली, तर मला पुरे आहे. नाही मागितली तरी कळेल. मी दुसरं काही मागत नाही.

द्राक्ष थांबू शकतं. आठ-दहा दिवस जास्त राहिलं तर गोडी वाढते. ऊन हवं, एवढंच.

मार्सेलीन

२५ सप्टेंबर

ओदेतताई,

आज वरचा मळा झाला. बाझिल, त्याची मुलं आणि नेहमीचे मजूर. मी दुपारचं जेवण केलं, क्रेट धुतले.

शुक्रवारी मोठा पाऊस सांगितला आहे. रेडिओवर, मोबाइलवर, सगळीकडे तेच. मी तीनदा ऐकलं.

आज काम आटपल्यावर बाझिल स्वयंपाकघरात आला, बूट न काढता. तो असा कधी येत नाही. "उद्या सकाळी माणसं आहेत माझ्याकडे," तो म्हणाला. "सकाळचं काम आहे. ओळ तोडून मोकळे होऊ."

मी राहू दे म्हटलं.

"राहू दे कोणासाठी? त्याला किल्ले बघायचेत, वहिनी. त्याला सांगा, मळ्यात एक बुरूज बांधतो, मग येईल."

मी भांडी पुसत राहिले. तो म्हणाला, रेजिसने मला मळा कसायला दिला, सडवायला नाही. मी म्हटलं, ओळ माझ्या घराच्या भिंतीला आहे. "आहे ना," तो म्हणाला, "पण बुरशीला भिंत कळत नाही." मग त्याचाच आवाज खाली आला. त्याने फरशीवरचा आपल्या बुटांचा चिखल पाहिला आणि माझ्याच हातातलं फडकं घेऊन तो पुसला. भांड्यांचं फडकं होतं.

उद्या मजुरांचा हिशोब मिटवून शेवटचं जेवण द्यायचं आहे. भोंग्याशिवाय. गेली कित्येक वर्षं येणारे स्पॅनिश नवरा-बायको आहेत, ती बाई आज भिंतीकडे बोट दाखवून विचारत होती. मी म्हटलं ती नंतर. तिने मान हलवली, पण तिला पटलं नाही.

रेजिस असता तर त्याने उद्या तोडली असती. मला हे माहीत आहे. कोणासाठीही तो थांबला नसता, माझ्यासाठी नाही, मुलासाठी तर नाहीच. म्हणूनच कदाचित मी थांबते आहे. कळत नाही.

पाऊस चुकू शकतो. अंदाज पुष्कळदा चुकतात.

मार्सेलीन

३० सप्टेंबर

ओदेतताई,

पाऊस शुक्रवारी आला आणि रविवारी थांबला. त्यानंतर हवा गरम झाली, तीच वाईट गोष्ट. आज ओळीत गेले. पान उचललं की खाली करडी लव दिसते. घडाला हात लावला तर बोटांना धूळ लागते आणि बंद तळघरासारखा वास येतो. मणी फुटलेत, त्यांवर माश्या आहेत. भिंतीच्या टोकाकडे वारा लागतो तिथे थोडे बरे आहेत.

बाझिल येऊन उभा राहिला. त्याने एक घड उलटा करून पाहिला आणि सोडला. तो काहीतरी बोलला असता तर बरं झालं असतं.

ते शुक्रवारी पोचतील. आता वाटतं बुधवारी त्यांनी आलंच नाही तर बरं. मोदने कालच लिहिलं की बुधवारच्या घरात आता प्रश्नचिन्ह नाही. तिने तिथे हसरा चेहरा टाकला आहे. आणि मी त्याला काय दाखवणार आहे, तर आजोबांनी लावलेली ओळ सडलेली.

कृपा करून त्याला काही सांगू नका. तुम्ही सांगितलं नसेल अशी माझी समजूत आहे.

मार्सेलीन

१४ ऑक्टोबर

ओदेतताई,

ते काल गेले. विमान वेळेवर सुटलं असं मोदने कळवलं आहे. तुमच्याकडे ते पुढच्या रविवारी येतील, तेव्हा तुम्हाला त्यांच्या बाजूने कळेलच. मी माझ्या बाजूने लिहिते.

तो बुधवारी आला नाही. मंगळवारी आला, सकाळी, एकटा. मी बीन्स सोलत होते. गाडीचा आवाज आला, पण गाडी दाराशी आली नाही, वळणावरच थांबली. खिडकीतून पाहिलं तर तो ओळीत होता. वाकून एकेक पान उचलून बघत होता. पाठ अगदी रेजिसची. मी ॲप्रन न काढता तशीच बाहेर गेले, आणि तेवढ्यात खालून बाझिल ट्रॅक्टर घेऊन आला.

थिबोने मला पाहिलं होतं, पण बोलला तो बाझिलशी. "काका, ही ओळ अशी कशी?"

"सहा वर्षांनी आलेलं माणूस आधी नमस्कार करतं," बाझिल म्हणाला.

"बाबा असते तर या मळ्यात तुम्हाला पाऊल ठेवू दिलं नसतं."

बाझिलचा चेहरा लाल झाला. त्याने तोंड उघडलं, आणि मला माहीत होतं की आता तो सांगणार. मी आधी बोलले.

"बाझिल विसरला," मी म्हणाले.

ताई, मी असं का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. तोंडातून गेलं. बाझिल चाळीस वर्षं मळ्यात आहे, त्याच्या हातून एक वेल राहिलेला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, "विसरलो बाबा. वय झालं."

थिबोने विचारलं, "कात्र्या अजून तिथेच असतात?" आणि तळघराकडे गेला. आम्ही दोघं तिथेच उभे. बाझिलने टोपी घातली आणि मला हळू आवाजात म्हणाला, "विसरलो म्हणून गावात सांगू नका, एवढं करा."

दुपारपर्यंत तो एकटा काम करत होता. घड तोडायचा, तळहातावर धरायचा, कात्रीच्या टोकाने सडका मणी काढायचा, मग दुसरा, मग तिसरा, आणि राहिलेलं क्रेटमध्ये. बहुतेक वेळा राहायचं काहीच नाही. यंत्राच्या बाजूने भांडलेला मुलगा एकेक मणी निवडत होता. मी पाणी नेऊन दिलं. "थँक्यू, आई," म्हणाला. इतक्या महिन्यांत माझ्याशी बोललेला पहिला शब्द तो होता.

दुपारी जाऊन तो मोदला आणि फ्लावीला घेऊन आला. आझेचा किल्ला त्या दिवशी राहिला. मोदने गाडीतून उतरून माझ्या गालाला गाल लावले, दोनदा, आणि मागे सरली. आपल्याकडे चार वेळा लावतात, त्यामुळे मी तोंड पुढे करून हवेतच राहिले. ती परत आली आणि उरलेले दोन पुरे केले. "अगं, मला शिकव ना कसं निवडायचं," म्हणाली. मी तिला शिकवलं. घड दाखवता दाखवता मीही 'हे बघ, तू' म्हणून गेले. फोनवरच्या बोलण्यापेक्षा तिचे हात शांत आहेत.

चहाच्या वेळेला सगळी ओळ मिळून दोन क्रेट झाले. बाझिलने ते छोट्या यंत्रात पिळले. थिबोने ग्लासात रस घेतला, नाकाशी नेला, तोंडात घोळवून थुंकला. बाझिल म्हणाला, थोडासाच आहे, वरच्या मळ्याच्या पिंपात घातला तर कोणाला कळणारही नाही. बाझिल असं कधीच करत नाही. मला वाटतं थिबो काय म्हणतो ते त्याला बघायचं होतं.

"मला कळेल," थिबो म्हणाला. "बाबांच्या पिंपात हे जाणार नाही." आणि त्याने बादली उचलून भिंतीच्या कडेला ओतली. एवढे दिवस ज्याच्यासाठी ठेवलं त्यानेच ओतलं. बाझिल मागे वळून नाक शिंकरत होता.

शेवटचा वेल राहिला होता. टोकाचा, वाऱ्यातला, जरा बरा. मला वाटलं थिबो तोडेल. त्याने कात्री फ्लावीच्या हातात दिली, तिची बोटं कुठे नसावीत ते दाखवलं आणि बाजूला झाला. आम्ही सगळे हात थांबवून उभे राहिलो. मजूर नव्हते. तिने घड तोडला, एक मणी खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. बाझिलने ट्रॅक्टरचा भोंगा वाजवला. इतका वेळ वाजवला की खालच्या रस्त्यावरची बस थांबली.

मग थिबो आत आला. मी एवढी वाट पाहिली होती, आणि तो हात धुवायला आला. साबण कुठे आहे ते विचारलं नाही. जेवायला बीन्स होत्या, बकरीचं चीज होतं, आदल्या दिवशी भाजलेला पाव होता. रेजिसच्या खुर्चीत फ्लावी जाऊन बसली, कोणाच्या लक्षात येण्याआधीच. बाझिलची बायको अंडी घेऊन आली आणि तीही बसली. बाझिल विसरल्याबद्दल थिबो एक शब्द बोलला नाही, उलट त्याच्या ग्लासात दोनदा वाइन ओतली.

रात्री ते आंब्वाजला परत गेले. खोल्यांचे पैसे दिले होते.

गुरुवारी त्यांनी मला शनाँसोला नेलं. नदीवर बांधलेला आहे, ते माझ्या लक्षात होतं, पण आत एवढी फुलं ठेवतात हे माहीत नव्हतं. फ्लावीने पहारेकऱ्याला विचारलं की राजा कुठे आहे. तो म्हणाला जेवायला गेलाय. ती जिन्यापाशी त्याची वाट बघत बसली, आणि तिच्यामुळे मलाही बसायला मिळालं. तिनेच मला सांगितलं की शनिवारी सकाळी ते आजोबांच्या दगडापाशी जाऊन आले, आणि तिच्या बाबांनी गाडीतली पाण्याची बाटली ओतून दगड धुतला. थिबोने मला सांगितलेलं नाही. मीही त्याला विचारलं नाही.

आता शेवटचं. काल सकाळी ते निरोप घ्यायला आले. सामान गाडीत होतं. थिबोने माझ्या गालाला गाल लावले, चार वेळा, नीट. मग बाझिलचा हात हातात घेतला. बाझिलचा हात धरून, पण माझ्याकडे बघत म्हणाला,

"पुढच्या वर्षी माझ्यासाठी थांबू नका, काका. पिकलं की तोडा."

बाझिलने माझ्याकडे पाहिलं. मी "बरं" म्हटलं. गाडी गेली.

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही सांगितलं नसणार, याची मला खात्री आहे. सांगायची गरजच नव्हती. इथे वाढलेल्या माणसाला माहीत असतं की भिंतीलगतची ओळ कोणी विसरत नाही. तो सकाळपासून दुपारपर्यंत एकटा वाकून मणी निवडत होता तो हे माहीत असूनच.

आता 'थांबू नका' म्हणजे मी येणार नाही असं, की तुम्ही माझ्यामुळे नुकसान करून घेऊ नका असं, ते मला समजत नाही. रागावला नव्हता. आवाज रेजिससारखा होता, आणि रेजिसचाही मला कधी पुरता समजला नाही. काल दिवसभर मी ते वाक्य घोळवत होते. तुम्हाला तो अलीकडे जास्त माहीत आहे. तरी तुम्ही मला याचा अर्थ लिहून पाठवू नका. फ्लावीने मणी खाऊन तोंड वाकडं केलं, त्याची त्याला आठवण करून द्या आणि तो हसतो का तेवढं कळवा.

बाझिलकडे मी संध्याकाळी जाऊन आले. माफी मागायला गेले होते, पण त्याच्या बायकोने सूप वाढलं आणि बोलणं पिंपांवर गेलं. पुढच्या वर्षी पिकलं की तोडायचं, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आणि शेवटचा वेल?" मी म्हटलं तो मी तोडेन. त्याने मान हलवली आणि पाव पुढे केला.

उद्या कचऱ्याची गाडी येते. पाहुण्यांच्या आठवड्याने पिवळा डबा वरपर्यंत भरलाय. पत्र इथे ठेवून तो ओढत फाटकाबाहेर नेला, दांडा रस्त्याकडे करून उभा केला, आणि आत येऊन दार लावलं.

मार्सेलीन